बर्फाच्या फॅक्टरीत ठेवलेली बिस्किटं

अहो,

नाक्यावर तुमचा श्रद्धांजलीचा फलक लावलाय. फोटो आपल्या मेघाच्या लग्नातला घेतलाय, फेट्यातला, त्यामुळे तुम्ही कुठल्याशा पतसंस्थेचे अध्यक्ष वाटता. खाली लिहिलंय की मिरकरवाड्यातली एकही लाँच तुमचा हात लागल्याशिवाय समुद्रात गेली नाही. तेही खरंच. पण बिस्किटांचं एक अक्षर नाही त्यावर. शेवटचं दीड वर्ष ज्या एका गोष्टीपायी तुम्ही माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंत आणि माझं डोकं खाल्लंत, ती कुणाला लिहावीशी वाटली नाही. तर मी लिहिते. इंजिनांचं सांगायला जेटीवर शंभर माणसं आहेत. बिस्किटांचं मलाच सांगायला हवं, कारण भांडण माझ्याशी होतं.

गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता इंजिनरूममध्ये उतरायचं नाही. वर्कशॉप तुम्ही दत्ताराम भावजींच्या हवाली केलंत आणि दोन महिने पडवीत बसून राहिलात. पंचवीस वर्षांच्या भागीदाराला किल्ली देताना तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं, म्हणून काही बोलत नव्हते. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाचा आवाज ऐकून तुम्ही तिचा आजार सांगायचात. मग मेघाने ठाण्याला नवीन ओव्हन घेतलान आणि जुना लहानसा आपल्याकडे पाठवलान. मी मनात म्हटलं, चला, घरच्या घरी नानकटाई होईल. तुम्ही त्याचं दार उघडलंत, आतली तार बघितलीत, वास घेतलात आणि म्हणालात, "सुमन, आपण टगवरची बिस्किटं करूया."

ती टगवरची बिस्किटं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. तुम्ही तेविशीत मस्कतला टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर होतात, पहिलंच वादळ, पोटात काही ठरत नव्हतं, आईच्या आठवणीने रडत होतात, आणि गोव्याच्या कुकने गरम बिस्किटं हातात ठेवली. आत खिमा आणि वितळलेलं चीज. तुम्ही अकरा खाल्लीत. सुरुवातीला पाच सांगायचात, मेघा झाली तोवर आठ झाली होती. मला तो सगळा प्रकार म्हणजे कोळ्याने सोडलेल्या माशाची लांबी सांगावी तसाच वाटायचा. तुम्ही मात्र हात झटकून म्हणालात, "सोप्पं आहे गो. बिस्किट लाटायचं, आत भरायचं, भाजायचं." ते 'सोप्पं' मी पुढे किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही.

सोपं होतंही, दुसऱ्या कुणी केलं असतं तर. मैदा, मीठ, ओवा, बेकिंग पावडर. त्यात थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. मग गार ताक घालून नुसता गोळा करायचा, मळायचं नाही. तुम्ही पहिल्या खेपेला चपातीच्या कणकेसारखं अर्धा तास मळलंत. झालेली बिस्किटं दत्ताराम भावजींनी जाळ्याला वजन म्हणून मागितली. दुसऱ्या खेपेपासून पीठ जमलं. गोल कापायला माझी वाटी चालेना, कारण तिचा काठ सरळ नाही म्हणे. वर्कशॉपमधून नवं कोरं पितळी बुश, दांड्यावर चढवतात ती गोल नळी, आणलंत, तीनदा उकळत्या पाण्यातून काढलंत, आणि त्याने असे काही गोल पाडलेत की बाई बाई, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. खिमा मी करायची, आपल्या मसाल्यात, आलं-लसूण जास्त, पाणी पार आटवून, एक आमसूल टाकून. एका गोलावर चमचाभर कोमट खिमा, वर किसलेलं चीज, त्यावर दुसरा गोल, काट्याने कडा दाबायच्या. ओव्हनमध्ये जाताना ती बिस्किटं खरंच प्रदर्शनात मांडावी अशी दिसायची.

आणि वीस मिनिटांनी गळायची. कुठून तरी कड उसवायची, चीज ट्रेवर सांडायचं, मागून खिमा यायचा. तुम्ही काचेसमोर उकिडवे बसून एकेकाचं नाव घेतल्यासारखं म्हणायचात, हे गेलं, हे पण गेलं. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली होती, तेही सांगून मी थकले. मग ट्रेवरचं करपलेलं चीज खरवडून तुम्हीच खायचात आणि फुटकी बिस्किटं डब्यात भरून जेटीवर न्यायचात. तिथे ती दोन मिनिटांत संपायची. पण नाव काय पडलं? 'गळकी'. आज गळकी आणलीत का, असं ते तांडेल, खलाशी सगळे विचारायचे. ते प्रेमानेच विचारायचे हो, पण तुमचं तोंड बघवत नसे. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या थांबवल्या, त्याला ही चेष्टा कुठे लागत असेल ते मला कळायचं.

भांडण इथे होतं. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, वर एक भोक पाडा, वाफेला बाहेर पडायला वाट नको का? तुम्ही म्हणायचात, भोक पाडून गळती थांबवलेली मी अजून पाहिली नाही. सांध्याचं पॅकिंग नीट बसलं की झालं. मी म्हणायची, हे इंजिन नाही. तुम्ही म्हणायचात, आत दाब आहे ना, मग इंजिनच. त्यावर मी मोदक काढायची, तुम्ही गॅस्केट काढायचात. मेघा फोनवर म्हणायची, तुम्ही दोघं ठेवा आता, मी उद्या बोलते. एकदा तर तुम्ही चार दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत, एका बोटभर भोकापायी. तेही मी बोलून दाखवलं, तर म्हणालात, बोटभर नाही, सुईएवढं. म्हणजे मापाचा विचार तुम्ही तेव्हाच करून ठेवला होतात, लबाड.

त्यात माझी क्रोशाची सुई हरवली. मधल्या जाडीची, माझी आवडती. मी सगळं घर पालथं घातलं, तुमच्यावर संशय घेतला, स्टोव्हचा बर्नर साफ करायला नेली असणार म्हणून बोल बोल बोलले. तुम्ही पेपर वाचत होतात. मान वर केली नाहीत.

तो मंगळवार मला आता पाठ झालाय. मी हळदीकुंकवाला गेले होते. परत आले तर स्वयंपाकघर लख्ख. ओटा पुसलेला, ओव्हन गार, भांडी पालथी घातलेली. सकाळी तुमच्यासाठी खिमा फ्रिजमधून काढून ठेवावा म्हणून बघितलं होतं तर पातेलं आत मागे सरकवलेलं होतं, मी ते तसंच राहू दिलं, आणि आता ते घासून ठेवलेलं. मी विचारलं, झाली का बिस्किटं? तुम्ही म्हणालात, नाही, आज नाही केली. खिम्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, वाटलं तुम्ही तो पावाबरोबर संपवलात. आणि माझ्या तोंडून गेलं, "सुटले एकदाची. उगाच नसत्या गोष्टीच्या नादी लागलात." तुम्ही चप्पल घातलीत आणि जेटीवर गेलात.

गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात. शनिवारी मेघा यायची होती, ती गुरुवारीच आली. दवाखान्यापर्यंत पोचलोही नाही आपण. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, हाल झाले नाहीत. मला काय वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला एकच ऐकू येत होतं, 'नसत्या गोष्टीच्या नादी लागलात.' वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माणूस पोरासारखा एका गोष्टीच्या मागे लागतो, आणि त्याची बायको त्याला शेवटचं धड वाक्य हे बोलते. त्या दोन दिवसांत मीठ दे, बँकेचं पुस्तक कुठे ठेवलं, असलं बोलणं झालं असेल. ते मी धरत नाही.

चौथ्या दिवशी आक्का फ्रीजर उघडून खोबरं शोधत होत्या. तुमची थोरली बहीण ना त्या, पूर्णगडहून आल्यापासून सगळं घर त्यांनी सांभाळलं होतं, मला पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हत्या. त्यांनी मागून एक पसरट डबा काढला, झाकण उघडलं आणि मला हाक मारली. आत प्लॅस्टिकच्या कागदांच्या घड्यांमध्ये बिस्किटं. कच्ची. तीन थर, एकेका थरात आठ, चोवीस. वर बारीक बर्फाचा थर धरलेला. कडेला काट्याचे दाब, आणि काट्याने भागलं नाही तिथे तुमच्या अंगठ्याचे ठसे, रेघांसकट.

आक्का म्हणाल्या, "अगो सुमन, सुतकात घरात मांस? टाकून दे ते."

मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, त्या पुन्हा म्हणाल्या. मी डबा छातीशी धरला. बाहेर माणसं बसलेली, आत आम्ही दोघी नणंदा-भावजया एका डब्यावरून हमरीतुमरीवर आलेल्या. मला माहीत आहे त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी तुम्हाला कडेवर वागवलंय, भावाचं नीट व्हावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता. पण मीही काही कमी नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, हे त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे, हे कचऱ्यात जाणार नाही. आक्का म्हणाल्या, मग घरात तरी ठेवू नको. तेव्हा दत्ताराम भावजी पडवीतून उठून आत आले. ते इतकंच म्हणाले की डबा माझ्याकडे द्या, मी बर्फाच्या फॅक्टरीत ठेवतो.

तर अशी तुमची बिस्किटं तेरावा होईपर्यंत मिरकरवाड्याला, बांगड्या-सुरमईसाठी बर्फ काढतात तिथे राहिली. थर्माकोलच्या खोक्यात, वर तुमचं नाव घालून. भावजी रोज सकाळी भेटायला यायचे आणि मी न विचारता सांगायचे, दगडासारखी आहेत. आम्ही दोघं एखाद्या आजारी माणसाची खुशाली सांगावी तसं बोलत होतो. मेघाला हसू आलं एकदा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली, आणि मग मीही हसले, आणि आक्कांनी आमच्याकडे पाहून मान हलवली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण. गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं करायचं, मासे-मटण करून सुतकाचं गोडं तोंड तिखट करायचं, त्याचं पान पहिलं वाढायचं. आक्कांनी यादी केली होती, वडे, मटण, सुरमई तळलेली, कोलंबीचं लिपतं. बिस्किटं त्यात नव्हती. मी म्हटलं, मी भाजणार. त्या म्हणाल्या, जेटीवरची सगळी माणसं येणार आहेत, आणि फुटली तर? त्या दिवशी तरी त्याचं हसं नको.

आक्कांनी बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. माझ्याही मनात तेच होतं. ती फुटली असती तर कुणी मोठ्याने हसलं नसतं, पण सगळ्यांना 'गळकी' आठवली असती, आणि मला माझं वाक्य. तुम्ही नसत्या गोष्टीच्या नादी लागला होतात हे तुमच्या पानासमोर सिद्ध झालं असतं. सकाळभर मी दोन मनांत होते. एक मन म्हणत होतं, नको, डबा तसाच राहू दे, न भाजता तरी तुम्ही हरणार नाही. मग भावजी खोकं घेऊन दारात उभे राहिले आणि मी ओव्हन लावला.

खाली कागद घालून बारा-बाराचे दोन ट्रे मांडले. अंडं फेटलं. ब्रश बुडवून पहिल्या बिस्किटावर फिरवला, तसा वरचा बर्फ निघाला, आणि बरोबर मधोमध भोक. सुईएवढं. मला वाटलं पिठात फुगा आला असेल. दुसऱ्यावर ब्रश फिरवला. भोक. तिसऱ्यावर, चौथ्यावर. सगळ्या चोवीसांवर मधोमध, एका मापाचं, आतपर्यंत गेलेलं, आणि त्याच्या काठाला एक बारीकशी खाच, हुक असलेल्या सुईने टोचलं की पडते तशी. मी स्टुलावर बसले. मेघा धावत आली, आई काय झालं म्हणून. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबांनी माझं ऐकलंन गं. मग मला रडू फुटलं, ते तुम्ही गेलात त्या दिवशी जेवढं आलं नव्हतं तेवढं.

अंडं वाळायला लागलं म्हणून उठले. ट्रे आत सरकवला आणि तुमच्या जागी काचेसमोर बसले. मेघा एका बाजूला, आणि थोड्या वेळाने बघते तर दुसऱ्या बाजूला आक्का, पदर खोचून. दहा मिनिटं काही झालं नाही. मग बिस्किटं फुगायला लागली. कडा ताणल्या. याच वेळी तुम्ही म्हणायचात, हे गेलं. आक्का पुटपुटल्या, थांब रे बाबा. भोकातून वाफेची रेघ निघाली, एकातून, दुसऱ्यातून, मग सगळ्यांतून, आणि कडा जागच्या जागी. एका बिस्किटाच्या भोकात चीजचा एक पिवळा थेंब वर आला, काठावर थांबला आणि तिथेच खरपूस झाला. आधीच थंडगार म्हणून वेळ जास्त लागला, चांगला अर्धा तास. पहिला ट्रे बाहेर आला. कागद कोरा. दुसरा आला. तोही कोरा.

मी तो कोरा कागद उचलून पडवीत नेला आणि सगळ्यांना दाखवला. कुणाला कळलं, कुणाला नाही. एक म्हातारे तांडेल उठून उभे राहिले, त्यांना काय वाटलं देव जाणे.

तुमच्या पानावर पहिलं बिस्किट आक्कांनी ठेवलं, माझ्या हातून घेऊन. दुसरं त्यांनी स्वतः मोडून खाल्लं. बराच वेळ चावत राहिल्या, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणाल्या, मीठ बरोबर आहे. आक्कांकडून एवढं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जेटीवरच्या माणसांनी एकेक उचललं, उलटंपालटं करून कड बघितली, मग खाल्लं. तुम्ही बसवलेलं पॅकिंग तपासतात तसं. 'गळकी' हा शब्द कुणी काढला नाही, आणि आता कुणी काढूही शकणार नाही.

जेवणं झाल्यावर दत्ताराम भावजी हात धुवून माझ्यापाशी आले. टॉवेल हातातच होता. म्हणाले, "वैनी, आता सांगतो. त्या मंगळवारी सांजेला तो जेटीवर आला तो एकटाच हसत. मला म्हणालान, 'हिला वाटतंय मी दमलो. हिचंच ऐकून भोक पाडलंय, पण शनिवारपर्यंत तिला सांगू नको.'"

मी विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलंत? ते म्हणाले, शब्द दिला होता, आणि वैनी, फुटली असती तर मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

म्हणजे तुम्ही दुखावला नव्हतात. चोवीस बिस्किटं फ्रीजरमध्ये लपवून, ओटा पुसून, माझं ते वाक्य ऐकत उभे होतात आणि मिशीत हसत होतात. मी चौदा दिवस ते वाक्य उराशी घेऊन फिरले आणि तुम्ही ते जेटीवर नेऊन त्याची मजा सांगितली होतीत. असा राग आला मला तुमचा! आणि असं हलकं वाटलं म्हणून सांगू. माणूस असाच जायला हवा, हसायला काहीतरी खिशात ठेवून.

आता माझंही ऐका, कारण हे मला परवा कळलं. परवा बुधवारी मी एकटीने बिस्किटं केली. भोक पाडून. तरी दोन उसवली. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. दीड वर्ष मी तुम्हाला सांगत होते, सारण कोमट असतानाच भरा, मोदकाचं तसंच भरते मी, गार सारणाने उकड आवळते आणि चिरते. तुम्ही मुकाट्याने कोमट खिमा भरत राहिलात, त्याने आतलं लोणी वितळायचं आणि कड धरायची नाही. मंगळवारी मात्र पातेलं फ्रिजमध्ये मागे सरकवलेलं होतं. तुम्हाला माझी चूक सापडली होती. जिच्याशी भोकासाठी चार दिवस अबोला धरला होतात तिला तुम्ही ते तोंडावर सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत? शनिवारी ट्रे बाहेर आल्यावर सांगणार होतात की कधीच नाही, एवढं एक मला कळायला हवं होतं. तुम्ही सांगितलं असतंत तर मी कबूल केलं नसतं, हेही खरंच.

आता करते. कोमट सारण माझी चूक. काल पुन्हा केली, खिमा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, तुमच्या बुशने गोल पाडून. सुई तुमच्या पान्यांच्या पेटीत सापडली, टोकाला पीठ वाळलेलं. मी ती धुऊन घेतली आणि चमच्यांच्या स्टँडमध्ये ठेवलीय, क्रोशाला दुसरी आणेन. डबा घेऊन स्वतः जेटीवर गेले. तिथे सगळे तुमच्या बाकड्यावर बसले होते. मी झाकण उघडलं आणि म्हटलं, घ्या, मोजून चोवीस आहेत, बघा एक तरी गळलंय का ते.

कुणाला सापडलं नाही, अहो.